विरलीकरणात घटते काय आणि उरते काय?

धागालेखक: प्रयोगवही

वैद्यकीय प्रयोगशाळेत काम करताना आणि तंत्रज्ञांच्या नव्या तुकड्यांना शिकवताना एक गोष्ट वारंवार जाणवते. विरलीकरण, म्हणजेच आपण रोज ज्याला डायल्यूशन म्हणतो ते, सर्वांना इतके सोपे वाटते की त्याविषयी थांबून कोणी विचारच करत नाही. तीव्र द्रावणात पाणी घातले की ते पातळ होते, यापलीकडे त्यात काय आहे, असा समज असतो. प्रत्यक्षात प्रयोगशाळेतील चुकीच्या निष्कर्षांचा माग काढत गेले, तर त्यांतील बऱ्याच चुका उपकरणात नसून विरलीकरणाच्या टप्प्यावर सापडतात. शेती, रुग्णालय, नदी, शेअर बाजार आणि न्यायालय या सर्व ठिकाणी हा शब्द वापरला जातो. म्हणून ज्या त्या क्षेत्रातील जाणकारांनी आपापला अनुभव आणि हिशेब येथे मांडावा, यासाठी हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे आधी मांडतो. विरलीकरणात द्रव्याचे प्रमाण घटते, मात्र द्रव्याची एकूण मात्रा तेवढीच राहते. शाळेत शिकलेले C₁V₁ = C₂V₂ हे सूत्र नेमके हेच सांगते, कारण संहती (C, म्हणजे द्रव्याचे प्रमाण) आणि घनफळ (V) यांचा गुणाकार म्हणजे द्रव्याची मात्रा, आणि ती पाणी घालण्यापूर्वी व घातल्यानंतर सारखीच असते. त्यामुळे कोठेही विरलीकरणाचा विषय निघाला, की आपल्याला प्रमाणाची काळजी आहे की मात्रेची, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. तो विचारला नाही, तर गणित बरोबर येऊनही निर्णय चुकतो.

आता प्रयोगशाळेतील सर्वांत मोठी अडचण सांगतो. ‘१:१०’ असे लिहिलेले असते तेव्हा त्याचा अर्थ काय घ्यायचा? रक्तशास्त्रात आणि रक्तद्रव (सीरम) चाचण्यांमध्ये त्याचा अर्थ एकूण दहा भागांत एक भाग नमुना, म्हणजे एक भाग नमुना आणि नऊ भाग द्रावक, असा रूढ आहे. परंतु स्वच्छतेच्या रसायनांच्या बाटल्यांवर आणि कारखान्यांच्या सूचनापत्रकांवर तेच चिन्ह पुष्कळदा एका भागास दहा भाग पाणी या अर्थाने छापलेले असते. दोन्हींतला फरक १:१० ला किरकोळ वाटतो, कारण एकदशांश आणि एकअकरांश यांत फारसे अंतर नाही. १:२ ला मात्र एका अर्थाने निम्मे आणि दुसऱ्या अर्थाने एकतृतीयांश होते. पायरीपायरीने केलेल्या विरलीकरणात ही लहान चूकही वाढत जाते. पाण्यातील जिवाणू मोजण्यासाठी दहापट विरलीकरणाच्या सहा पायऱ्या केल्या आणि प्रत्येक पायरीला नऊऐवजी दहा मिली द्रावक घातला, तर नमुना १०,००,००० पट विरल होण्याऐवजी १७,७१,५६१ पट विरल होतो. आपण मात्र हिशेब दहा लाखांचा धरतो आणि खऱ्या संख्येच्या जेमतेम ५६ टक्के जिवाणू अहवालात लिहितो. हा अहवाल पिण्याच्या पाण्याचा असेल, तर त्याचे गांभीर्य वेगळे सांगायला नको.

यावर उपाय साधा आहे. आम्ही ‘१ + ९’ असे लिहितो. अधिकचे चिन्ह पाहिल्यावर शंकेला जागा उरत नाही.

पांढऱ्या पेशींच्या मोजणीचे उदाहरणही येथे उपयोगी पडेल. न्यूबाउर चेंबर या पेशी मोजण्याच्या आखीव काचपट्टीवर ही मोजणी करताना रक्त २० पट विरल करतात. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या टर्कच्या द्रावणातील ॲसेटिक आम्ल लाल पेशी फोडते आणि जांभळा रंग पांढऱ्या पेशींचे केंद्रक ठळक करतो. चार कोपऱ्यांतील चौकोनांचे एकूण घनफळ ०.४ घन मिमी असल्याने मोजलेल्या पेशींना २० ने गुणून ०.४ ने भागायचे, म्हणजे थेट ५० ने गुणायचे. विद्यार्थी ५० हा आकडा पाठ करतात, पण तो कोठून आला हे विसरतात. मग पेशी फार कमी असलेल्या रुग्णाचे रक्त १० पटच विरल केले, तरी सवयीने ५० नेच गुणतात आणि दुप्पट संख्या लिहून मोकळे होतात.

प्रतिसाद: शिवार

प्रयोगवहीजी, विषय अगदी आवश्यक आहे. कृषी सल्ल्याच्या कामात मला रोज याच गोंधळाला तोंड द्यावे लागते, आणि तुम्ही विचारलेला प्रमाणाचा आणि मात्रेचा प्रश्न शेतात सर्वांत जास्त लागू पडतो.

कीटकनाशकाची शिफारस मुळात क्षेत्रासाठी असते. समजा, एकरी ८० मिली औषध २०० लिटर पाण्यातून फवारायचे आहे. हे दुकानात विचारले की उत्तर मिळते, ‘दहा लिटरला चार मिली’. पाठीवरच्या १५ लिटरच्या साध्या पंपाला त्याप्रमाणे सहा मिली होतात आणि एकरी २०० लिटर पाणी खरोखरच पडले, तर हिशेब बरोबर जुळतो. अडचण येते ती पॉवर पंपाच्या वेळी. त्याचे थेंब बारीक असल्याने एकरभर फवारणी ६५ ते ७० लिटरांत आटोपते. शेतकऱ्याने प्रति पंप प्रमाण तेच ठेवले, तर एकराला औषध एकतृतीयांशच मिळते. म्हणूनच कृषी विद्यापीठांच्या सल्ल्यांखाली ‘पॉवर पंपासाठी औषधाची मात्रा तिप्पट करावी’ अशी ओळ असते. ती ओळ वाचून पुष्कळांना वाटते की पीक जळेल. पाणी तिपटीने घटवल्यावर प्रमाण तिप्पट करावेच लागते, आणि असे केल्यावर एकराला मिळणारे औषध पूर्वीइतकेच राहते, हे समजावून सांगावे लागते.

कमी मात्रेने नुसता खर्च वाया जातो असेही नाही. अर्धवट मात्रेत काही किडी तग धरतात, त्यांचीच पुढची पिढी वाढते आणि दोनतीन हंगामांत औषध लागू पडेनासे होते. ड्रोनच्या फवारणीत हा मुद्दा आणखी टोकाला जातो, कारण तेथे एकरी सुमारे दहा लिटर पाण्यातच काम उरकले जाते. म्हणजे टाकीतील द्रावण साध्या पंपाच्या तुलनेत वीसपट संहत असते. ते हाताळणाऱ्या माणसाच्या हातमोजांची, मास्कची आणि अंगभर कपड्यांची काळजी त्याच प्रमाणात वाढली पाहिजे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरीप हंगामात फवारणीतील विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यामागे अनेक कारणे होती. पण मूळ बाटलीतले अविरल औषध उघड्या हातांनी मोजणे आणि काठीऐवजी हाताने ढवळणे, हे दृश्य आजही बांधावर दिसते आणि ते पाहून जीव कासावीस होतो.

विरलीकरणाचा क्रमही महत्त्वाचा असतो, हे बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकावरून चांगले कळते. एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद (तांब्याचा क्षार), एक किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी लागते. मोरचूद ५० लिटर पाण्यात आणि चुना ५० लिटर पाण्यात वेगवेगळा विरघळवून, मग दोन्ही द्रावणे तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतत ढवळायची. घाईने थोड्या पाण्यातच दोन्ही संहत द्रावणे एकत्र करून नंतर पाणी घातले, तर साका जाड होतो, लवकर तळाशी बसतो आणि नोझल तुंबवतो. शेवटी प्रमाण तेच, १०० लिटर पाणीही तेच, परंतु मिश्रण निकामी. भांडी प्लॅस्टिकची किंवा लाकडाची घ्यावीत. तयार मिश्रणात चकचकीत लोखंडी पाते बुडवून पाहावे; त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, असे समजून चुन्याची आणखी निवळी घालावी. कोकणातील सुपारीच्या आणि नाशिक-सांगलीकडील द्राक्षांच्या बागायतदारांना हे पाठ आहे. नव्याने बाग करणाऱ्यांनी ते त्यांच्याकडून शिकून घ्यावे.

प्रतिसाद: शुश्रूषा

मी परिचारिका आहे आणि आमच्याकडे विरलीकरणाची चूक थेट जिवाशी येते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

ॲड्रेनालिनच्या कुपीवर वर्षानुवर्षे १:१००० असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ १००० मिलीत एक ग्रॅम, म्हणजे एक मिलीत एक मिलिग्रॅम. १:१०,००० म्हणजे एक मिलीत ०.१ मिलिग्रॅम. तीव्र ॲलर्जीत प्रौढाला स्नायूत अर्धा मिलिग्रॅम द्यायचे असते, म्हणजे पहिल्या कुपीतून अर्धा मिली. हृदय बंद पडलेल्या रुग्णाला शिरेतून देताना मात्र दहापट विरल केलेले द्रावण वापरतात आणि त्यासाठी एक मिली कुपीत नऊ मिली सलाइन घालतात. धावपळीच्या क्षणी त्या एका शून्याकडे दुर्लक्ष झाले, तर मात्रा दहापट चुकते. अशा चुका इतक्या झाल्या की अमेरिकेत २०१६ पासून अशा औषधांच्या लेबलांवरून गुणोत्तर काढून टाकले आणि फक्त मिलिग्रॅम प्रति मिली लिहिण्याचा नियम झाला. मला हा नियम फार योग्य वाटतो. नव्या मुलींना मी एवढेच सांगते की सिरिंज भरल्यावर त्यावर औषधाचे नाव, एकूण मिलिग्रॅम आणि एकूण मिली लिहिल्याशिवाय ती खाली ठेवायची नाही.

पोटॅशियम क्लोराइडबाबत तर विरलीकरण ही सूचना नसून अट आहे. ते अविरल स्वरूपात शिरेत गेले तर हृदय थांबते. येथे एक सूक्ष्म गोष्टही आहे. सलाइनच्या टांगलेल्या बाटलीत ते टाकून नीट हलवले नाही, तर जड द्रावण तळाशी, म्हणजे नळीच्या तोंडाशी साचते आणि सुरुवातीलाच फार संहत औषध शरीरात जाते. कागदावर विरलीकरण झालेले असते, बाटलीत मात्र झालेले नसते.

ओआरएसविषयी घराघरांत होणारी चूकही सांगते. पाकिटावर एक लिटर पाणी लिहिले असेल, तर पूर्ण पाकीट एक लिटरमध्येच विरघळवायचे. पुष्कळ घरी चमचाभर भुकटी पेलाभर पाण्यात अंदाजाने टाकतात. द्रावण जास्त खारट झाले तर जुलाब वाढू शकतात आणि लहान बाळाच्या रक्तातील सोडियम चढते. फार पातळ झाले तर शरीराला हवे तेवढे क्षार मिळत नाहीत. बाळाच्या दुधाच्या भुकटीचेही तसेच आहे. डबा पुरवून वापरावा म्हणून आई नाइलाजाने पाणी वाढवते, बाळाचे पोट भरते, पण वजन वाढत नाही.

प्रतिसाद: मोगरा

माझा एक प्रश्न आहे. घरातल्या अहवालात टायफॉइडची विडाल चाचणी १:१६० आली आहे. वरच्या चर्चेप्रमाणे मोठा आकडा म्हणजे जास्त विरल, मग हा आकडा मोठा असताना आजार जास्त असे का म्हणतात?

प्रतिसाद: प्रयोगवही

मोगराताई, शंका अगदी रास्त आहे. विडाल चाचणीत रुग्णाचा रक्तद्रव १:२०, १:४०, १:८०, १:१६०, १:३२० असा दर वेळी दुप्पट विरल करत नेतात आणि त्यात टायफॉइडच्या जिवाणूंचे प्रतिजन (अँटिजेन, म्हणजे जिवाणूंची ओळख पटवणारे घटक) मिसळून गुठळ्या दिसतात का ते पाहतात. ज्या शेवटच्या विरलीकरणापर्यंत गुठळ्या दिसतात, तो आकडा अहवालात लिहितात. म्हणजे १६० पट विरल करूनही प्रतिपिंडे (अँटिबॉडी, म्हणजे शरीराने जंतूंविरुद्ध तयार केलेली प्रथिने) आपले काम करत आहेत, याचा अर्थ मूळ रक्तद्रवात ती भरपूर आहेत. विरलीकरण येथे पातळ करण्यासाठी केलेले नसून मोजण्यासाठी केलेले आहे.

त्याचबरोबर हेही ध्यानात घ्यावे की टायफॉइड सर्रास आढळणाऱ्या आपल्यासारख्या प्रदेशात निरोगी माणसांतही थोडी प्रतिपिंडे असतात. एकाच तपासणीवरून निदान पक्के होत नाही; काही दिवसांनी पुन्हा तपासल्यावर आकडा चौपट चढला तर त्याला खरे वजन येते. तापाच्या सुरुवातीला रक्ताचा कल्चर (रक्तातील जिवाणू वाढवून पाहणे) अधिक विश्वसनीय ठरतो. आपल्या डॉक्टरांशी याविषयी बोलून घ्यावे.

शुश्रूषाताई, बाटलीतल्या न ढवळलेल्या द्रावणाचा मुद्दा मी आता माझ्या तासाला सांगणार आहे. त्याला जोडून एक भर घालतो. सूत्रातील C₁ हा लेबलवरचा आकडा असतो, प्रत्यक्षातला नव्हे. पाच टक्क्यांचे हायपोक्लोराइट हे जंतुनाशक एक भाग घेऊन त्यात नऊ भाग पाणी घातले की अर्धा टक्का होते आणि ४९ भाग घातले की ०.१ टक्का होते. पण हायपोक्लोराइट उष्णतेने आणि उजेडाने आपोआप विघटित होत राहते. उन्हाळ्यात महिनोन्महिने पडून राहिलेल्या कॅनमधले पाच टक्के प्रत्यक्षात किती उरले, हे तपासल्याशिवाय पुढचे सगळे गणित पोकळ असते.

प्रतिसाद: नदीकाठ

धागालेखकांनी मांडलेल्या सूत्रावर माझे संपूर्ण व्यवसायक्षेत्र उभे आहे आणि माझ्या मते तेथेच त्याचा सर्वाधिक गैरवापर झाला आहे. सांडपाणी प्रक्रियेचा अभियंता म्हणून हे लिहीत आहे.

ब्रिटनमधील रॉयल कमिशनने १९१२ मध्ये सांडपाण्यासाठी जो प्रसिद्ध निकष सुचवला, त्यात जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे बीओडी (पाण्यातील घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन), लिटरमागे २० मिग्रॅ आणि तरंगते घन पदार्थ ३० मिग्रॅ अशी मर्यादा होती. हे आकडे जगभर गेले. त्यामागचे गृहीतक मात्र सोबत गेले नाही. एका भाग सांडपाण्याला नदीत निदान आठ भाग स्वच्छ पाणी मिळेल आणि त्या पाण्याची बीओडी २ मिग्रॅ असेल, असे आयोगाने धरले होते. हिशेब करून पाहा: (२० + ८ × २) ÷ ९ = ४. नदीची बीओडी ४ च्या वर गेली की तिची अवकळा सुरू होते, असा आयोगाचा निष्कर्ष होता. २० हा आकडा त्या ४ वरून उलट मोजत काढलेला आहे.

आता आपल्याकडे पाहू. पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकानुसार नदीत सोडायच्या सांडपाण्याची बीओडी ३० मिग्रॅपर्यंत चालते आणि स्नानयोग्य पाण्याची ३ मिग्रॅपर्यंत. नदीचे मूळ पाणी २ मिग्रॅचे असेल, तर ३० चे सांडपाणी मिसळून ३ वर आणण्यासाठी एका भागाला २७ भाग स्वच्छ पाणी लागते. एप्रिल-मे महिन्यांत धरणांखालच्या मुळा-मुठेत किंवा पंचगंगेत २७ भाग स्वच्छ पाणी कोठून येणार? उन्हाळ्यात पुष्कळ ठिकाणी पात्रात वाहते ते बव्हंशी सांडपाणीच असते. तेव्हा प्रकल्पाने आपला निकष काटेकोर पाळला, तरी नदी स्वच्छ राहत नाही. मर्यादा प्रवाहाच्या भरवशावर ठरली आणि प्रवाह आपण धरणात अडवून ठेवला, हे याचे मूळ आहे. पर्वणीच्या दिवशी धरणातून पाणी सोडून घाट स्वच्छ दाखवता येतात. त्या दिवशीही नदीत उतरलेली घाण मात्र आदल्या दिवसाइतकीच असते.

याहून गंभीर प्रकार कारखान्यांच्या आवारात घडतो. लिटरमागे मिलिग्रॅम अशी मर्यादा असली, की प्रक्रिया न करता सांडपाण्यात बोअरचे पाणी मिसळून नमुना पास करून घेण्याचा मोह होतो. प्रमाण उतरते, नदीला मिळणारे किलो तेवढेच राहतात आणि वर भूजलही उपसले जाते. म्हणूनच उत्पादनाच्या टनामागे किती सांडपाणी सोडता येईल, अशी दुसरी मर्यादा घालावी लागते. साखर उद्योगाच्या २०१६ च्या मानकांत उसाच्या टनामागे सांडपाण्याची मर्यादा आहे, आणि पंचगंगेच्या खोऱ्यात तर तिचे महत्त्व फार मोठे आहे.

समुद्र एवढा मोठा आहे की त्यात सगळे विरून जाईल, या समजुतीची किंमत जपानमधील मिनामाता या गावाने मोजली. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून १९३२ ते १९६८ या काळात पारायुक्त सांडपाणी समुद्रात जात राहिले. १९५६ मध्ये आजाराची अधिकृत नोंद झाली. १९५८ मध्ये कंपनीने सांडपाण्याचे तोंड उपसागरातून काढून नदीच्या मुखाकडे वळवले आणि त्यानंतर त्या बाजूच्या गावांतही रुग्ण दिसू लागले. मिथाइल पारा पाण्यात अतिशय विरल होता. प्लवकांपासून (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांपासून) लहान माशांत, लहान माशांपासून मोठ्या माशांत आणि तेथून माणसांत जाताना सजीवांनी तो पुन्हा संहत केला. जे द्रव्य शरीरात साठते, त्याच्या बाबतीत विरलीकरणाचा आधार घेणे मला अक्षम्य वाटते.

याच देशातील अलीकडचे उदाहरण तुलनेसाठी घ्यावे. फुकुशिमा येथील अणुवीज केंद्रातले प्रक्रिया केलेले पाणी २४ ऑगस्ट २०२३ पासून समुद्रात सोडले जात आहे. त्यातील ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) लिटरमागे १,५०० बेकरेलच्या (किरणोत्साराचे एकक) खाली येईल इतके समुद्राचे पाणी त्यात आधी मिसळतात. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक पातळी १०,००० बेकरेल आहे. पण त्याबरोबर वर्षभरात एकूण २२ लाख कोटी बेकरेलपेक्षा अधिक ट्रिटियम सोडायचे नाही, असेही बंधन आहे. त्या निर्णयावर मतभेद आहेत आणि स्थानिक मच्छीमारांची नाराजी मला समजते. तरी प्रमाण आणि मात्रा या दोन्हींना स्वतंत्र मर्यादा घातली, ही पद्धत आपल्या नद्यांसाठी मला हवी आहे.

प्रतिसाद: चौकस

होमिओपॅथीच्या दुकानात बाटल्यांवर ‘डायल्यूशन’ असेच छापलेले असते. धागालेखकांच्या म्हणण्यानुसार मात्रा घटत नसेल, तर त्या बाटलीत मूळ द्रव्य असायला हवे. मग त्यात काहीच उरत नाही, असे रसायनशास्त्रज्ञ का म्हणतात? हा विरोधाभास कोणी उलगडून सांगेल का?

प्रतिसाद: प्रयोगवही

चौकसजी, प्रश्न नेमका आहे. ३०सी म्हणजे एकास शंभर या प्रमाणात सलग ३० वेळा विरलीकरण. प्रत्येक पायरीला आदल्या द्रावणाचा एक भाग पुढे घेतात आणि ९९ भाग मागे राहतात. मूळ द्रव्य नष्ट होत नाही. ते त्या मागे राहिलेल्या भागांत असते. सुरुवातीला एक मोल द्रव्य, म्हणजे ६.०२२ × १०²³ रेणू घेतले, तर १२सी पर्यंत १०²⁴ पट विरलीकरण होते आणि पुढच्या भागात एखादा रेणू असण्याची शक्यताही निम्म्याच्या आसपास येते. ३०सी ला हे विरलीकरण १०⁶⁰ पट होते, तेव्हा हातातल्या बाटलीत मूळ द्रव्याचा एकही रेणू असण्याची व्यवहारात शक्यता नसते. त्या शास्त्राचे अनुयायी प्रत्येक पायरीला दिलेल्या झटक्यांना महत्त्व देतात आणि त्याला शक्तिकरण म्हणतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र बाटलीत द्रावकच असतो, आणि माझे मतही तेच आहे. मूळ अर्क आणि कमी पायऱ्यांच्या औषधांना हे लागू होत नाही. त्यांत द्रव्य असते, म्हणून ती निर्धास्तपणे घेऊ नयेत.

प्रतिसाद: जमाखर्च

सनदी लेखापाल म्हणून शेअरच्या विरलीकरणाविषयी थोडक्यात लिहितो, कारण तेथेही प्रमाण आणि मात्रा यांची गल्लत होते.

एका कंपनीचे एक कोटी शेअर आहेत आणि त्यांपैकी ६० लाख प्रवर्तकाकडे (कंपनी उभारणाऱ्याकडे) आहेत. कंपनीने २५ लाख नवे शेअर इतरांना दिले, तर प्रवर्तकाचा हिस्सा ६० टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर येतो. शेअरची संख्या ६० लाखच राहते. आता शेअरचे खरे मूल्य १०० रुपये असून नवे शेअरही १०० रुपयांनाच दिले, तर कंपनीत २५ कोटी रुपये येतात, तिचे मूल्य १२५ कोटी होते आणि त्याचे ४८ टक्के म्हणजे पूर्वीचेच ६० कोटी. नवे शेअर ६० रुपयांना दिले, तर १५ कोटीच येतात, एका शेअरचे मूल्य ९२ रुपयांवर उतरते आणि प्रवर्तकाच्या ६० कोटींचे ५५.२ कोटी होतात. म्हणजे हिस्सा दोन्ही वेळा घटला, नुकसान मात्र दुसऱ्याच वेळी झाले. येथे मिसळले जाते ते नुसते पाणी नसून त्याबरोबर भांडवलही येते, हा रसायनशास्त्रापेक्षा मोठा फरक आहे.

मताधिकाराचे मात्र वेगळे. ४८ टक्क्यांवर आल्यावर साधा ठरावही स्वबळावर मंजूर करून घेण्याची खात्री राहत नाही. यासाठीच कंपनी कायदा २०१३ च्या कलम ६२ मध्ये नवे शेअर आधी जुन्या भागधारकांना देऊ करण्याची तरतूद आहे. बोनस शेअरने सर्वांची संख्या एकाच पटीत वाढते, त्यामुळे हिस्सा बदलत नाही. छोट्या गुंतवणूकदारांनी निकाल वाचताना ‘डायल्यूटेड ईपीएस’, म्हणजे विरलीकरण धरून काढलेला प्रति शेअर नफा, अवश्य पाहावा. कर्मचाऱ्यांना दिलेले शेअर घेण्याचे पर्याय आणि परिवर्तनीय रोखे यांचे उद्या शेअर झाले तर आजचा नफा किती जणांत वाटला जाईल, हे त्यातून कळते.

प्रतिसाद: कलमदान

कायद्याच्या क्षेत्रात हा शब्द दोन ठिकाणी येतो. पहिले ठिकाण व्यापारचिन्हांचे. नामांकित चिन्ह भलत्याच मालावर वापरले, ग्राहकाची फसवणूक झाली नाही, तरी त्या चिन्हाचे वेगळेपण झिजते. व्यापारचिन्ह कायदा १९९९ चे कलम २९(४) त्याला संरक्षण देते. मोटारींसाठी प्रसिद्ध असलेले ‘बेन्झ’ हे नाव अंतर्वस्त्रांसाठी वापरण्यास दिल्ली उच्च न्यायालयाने १९९३-९४ च्या सुमारास मनाई केली, तो निकाल आजही दाखल्यादाखल दिला जातो.

दुसरे ठिकाण अधिक महत्त्वाचे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याविषयी महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च २०१८ रोजी अटकेपूर्वी परवानगीची आणि प्राथमिक चौकशीची अट घातली, तेव्हा कायदा ‘डायल्यूट’ झाला अशी टीका देशभर झाली. त्या निकालाने कायद्यातला एकही शब्द वगळला नव्हता. कलमे होती तशीच होती. त्यांत अटी मिसळल्या गेल्या आणि त्यांचा परिणाम क्षीण झाला. त्याच वर्षी संसदेने कलम १८-अ घालून त्या अटी दूर केल्या, १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने स्वतःचे ते निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी ती दुरुस्ती वैध ठरवली. एखाद्या कायद्याचे विरलीकरण होत आहे का, हे पाहताना काय काढले यापेक्षा काय मिसळले, हे तपासावे.

प्रतिसाद: नदीकाठ

कलमदानजींचा शेवटचा मुद्दा सांडपाण्याच्या नमुन्यालाही तंतोतंत लागू आहे. शिवारजी, तुमच्यासाठी एक प्रश्न. फवारणीनंतर औषधाच्या रिकाम्या बाटल्या ओढ्यात धुतल्या जातात. बाटलीत राहिलेल्या थेंबाने एवढे काय बिघडणार, असे लोक म्हणतात. त्यांना काय सांगता?

प्रतिसाद: शिवार

नदीकाठजी, त्यांना मी आकडेच करून दाखवतो. ओतल्यावर बाटलीच्या आतल्या बाजूला पाच मिली औषध चिकटून राहिले, असे धरू. तीनशे मिली पाण्याने एकदाच विसळले, तर मागे राहिलेले द्रावण ६१ पट विरल होते. तेच पाणी शंभर-शंभर मिली करून तीनदा वापरले आणि दर वेळी पूर्ण निथळू दिले, तर प्रत्येक वेळी २१ पट, म्हणजे एकूण ९,२६१ पट विरल होते. पाणी सारखेच लागते, बाटली मात्र दीडशेपटीने स्वच्छ होते.

आणि हे विसळलेले पाणी ओढ्यात न ओतता फवारणीच्या पंपातच घालायचे. त्यात ते चिकटलेले पाच मिली औषध जवळजवळ सगळे असते, शेतकऱ्याने त्याचे पैसे मोजलेले असतात आणि पिकाला ते हवेच असते. म्हणून विसळण्याचे काम संध्याकाळवर न टाकता पंप भरतानाच, पाण्याची पातळी पूर्ण होण्याआधी करायचे. त्यानंतर बाटलीला भोक पाडून ती पुन्हा तेल-पाणी भरण्यासाठी वापरता येणार नाही, अशी करून टाकायची.